ठोक्यांची हमाली

सकाळी 6.30
पुण्याचं मार्केट यार्ड, भुसार विभाग. गाळे अजून उघडायचेत. नाना कट्ट्यावर बसलेत. हमालांच्या टोळीत सगळे त्यांना नानाच म्हणतात. वय बावन्न. शेजारी त्यांचं सामान: लोखंडी आकडा, गोणपाटाची खोळ, गुडघ्याला बांधायची पट्टी, पाण्याची बाटली. चहा दहा रुपये. तो संपवून ते मनगट माझ्यापुढे करतात. "धरा नाडी."

मिनिटाला 66 ठोके. एका ठोक्याला हृदय साधारण 70 मिलीलिटर रक्त शरीरात पाठवतं. म्हणजे मिनिटाला साडेचार लिटरच्या वर. अंगात सगळं मिळून रक्त पाचेक लिटर. माणूस नुसता बसलेला असला तरी जवळजवळ सगळं रक्त मिनिटाभरात फेरी मारून येतं.

नाना उठतात. उभं राहिल्याबरोबर अर्धा लिटरभर रक्त खाली, पायांकडे सरकतं. मानेतल्या धमन्यांना दाब उतरल्याचं तत्काळ कळतं. ठोके थोडे वाढतात, पायातल्या वाहिन्या आवळतात. तोवर नानांनी पट्टी बांधून गाठ मारलेली असते.

सकाळी 8.15
ट्रक लागला. मध्य प्रदेशातला गहू, 16 टन. पन्नास किलोची 320 पोती. टोळीत सहा जण. दोघं ट्रकवर, चौघं खाली, आळीपाळीनं. पूर्वी पोतं शंभर किलोचं असायचं. ते पन्नासावर आणायला हमालांना भांडावं लागलं.

नाना खोळ डोक्यावरून पाठीवर घेतात आणि वाकतात. वरचे दोघं पोतं टेकवतात. त्या क्षणी नानांचा श्वास रोखलेला असतो. छातीतला दाब वाढतो आणि शरीराकडून हृदयाकडे परतणारं रक्त वाटेत अडतं. दोन पावलं टाकली की तोंडातून "हं" असा आवाज निघतो. श्वास सुटला, वाट मोकळी झाली. नवीन पोरांना नाना हेच आधी शिकवतात. "श्वास कोंडून चालायचं नाही. डोळ्यांपुढं अंधारी येते."

सकाळी 9.10
फळीवरून आत, थप्पीवर पोतं, परत ट्रककडे. चालता चालता नाडी धरता येत नाही. पोतं टाकून वळले तेव्हा धरली. 148.

आता त्यांच्या पोटऱ्या बघा. प्रत्येक पावलाला त्या आवळतात आणि आतल्या शिरा पिळल्या जातात. शिरांमध्ये झडपा आहेत, त्या फक्त वरच्या बाजूला उघडतात. त्यामुळे पिळलेलं रक्त वरच चढतं. महाशिरांमधून ते हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात येतं, तिथून उजव्या निलयात, म्हणजे खालच्या कप्प्यात. उजवा निलय ते फुप्फुसांकडे पाठवतो. फुप्फुसं शेजारीच आहेत आणि त्यांच्या केशवाहिन्या फार नाजूक, म्हणून हा दाब कमी असतो. बसल्या जागी पाऱ्याच्या पंचवीस मिलिमीटरच्या आसपास. डाव्या निलयाला डोक्यापासून अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं, तिथे हाच आकडा एकशेवीस. काम जास्त, म्हणून डावी भिंतही उजवीपेक्षा दुपटी-तिपटीनं जाड.

फुप्फुसात रक्तपेशीला थांबायला वेळ फार थोडा. आरामात असताना पाऊण सेकंद. आत्ता, या गतीला, त्याच्या निम्माही नाही. तरी भागतं, कारण ऑक्सिजन भरायला पाव सेकंदच लागतो. काळसर आलेलं रक्त लालभडक होऊन फुप्फुस शिरांमधून डाव्या अलिंदात उतरतं, मग डावा निलय, मग महाधमनी.

पुढची वाटणी पोत्याप्रमाणे बदलते. सकाळी कट्ट्यावर स्नायूंच्या वाट्याला रक्ताचा पाचवा हिस्सा होता. आता निम्म्याहून खूप जास्त मांड्या, पोटऱ्या आणि पाठीकडे चाललंय. आतडी आणि मूत्रपिंडं यांच्याकडचं कमी झालं. मेंदूचं मात्र तेवढंच राहिलं.

सकाळी 10.40
निम्मा ट्रक रिकामा. टोळी सावलीला बसते. नानांची नाडी दोन मिनिटांत 148 वरून 104 वर आली. ते डबी काढतात, तंबाखू-चुना मळतात. दहा रुपयांची पुडी दिवसभर पुरते. चिमूट दाढेखाली गेली की निकोटिन वाहिन्या आवळतं आणि ठोके वाढवतं. बसून उतरलेली नाडी पुन्हा वर सरकते. नानांना डॉक्टरांनी सांगितलंय. ते मान डोलावतात आणि डबी खिशात ठेवतात.

या बसण्याचं महत्त्व हृदयाच्या आतून कळतं. हृदय आकुंचन पावतं तेव्हा त्याच्या भिंतीतल्या वाहिन्या दाबल्या जातात. म्हणून डाव्या निलयाला स्वतःचं रक्त बहुतेक सगळं दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. सत्तरच्या नाडीला हा विसावा अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. दीडशेच्या नाडीला तो सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकाच उरतो. ठोके वाढले की काम थोडं कमी वेळात उरकतं, पण विसावा त्याहून कितीतरी जास्त आखडतो. आणि हृदयाची स्वतःची भूक तेव्हाच वाढलेली असते.

दुपारी 12.45
ट्रक रिकामा झाला. जेवण 'कष्टाची भाकर'मध्ये. हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेनं 1974 साली हे केंद्र सुरू केलं, कष्टकऱ्याला कमी पैशात पोटभर जेवण मिळावं म्हणून. नाना दोन भाकरी, पिठलं आणि कांदा घेतात. आता आतड्यांना रक्त हवं. "जेवून लगेच पोतं घ्यायचं नाही," नाना म्हणतात. अर्धा तास ते भिंतीला टेकून बसतात.

त्यांच्या हातावरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्यात. मध्ये मध्ये गाठी दिसतात. त्या झडपांच्या जागा. मी एका शिरेवर मनगटाजवळ बोट दाबून धरतो आणि दुसऱ्या बोटानं रक्त कोपराकडे सारतो, पुढच्या गाठीच्या पलीकडे. तेवढी शीर सपाट होते. वरून रक्त मागे येत नाही. खालचं बोट उचललं की ती लगेच भरते. नाना पुन्हा एकदा करायला लावतात.

विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरनं 1628 साली छापलेल्या पुस्तकात हाच प्रयोग चित्रांसकट दाखवला. त्यानं हिशेबही मांडला. हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त ढकलतं, तेवढं अख्ख्या अंगात नसतं. मग रक्त रोज नवं तयार होऊन खर्च होतं, हे तेव्हाचं म्हणणं टिकत नाही. तेच फिरून यायला हवं. धमनीतून शिरेत ते जातं कसं, हे त्याला दिसलं नव्हतं. दोन्ही जोडणाऱ्या केशवाहिन्या 1661 मध्ये इटलीच्या माल्पिगीनं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

दुपारी 2.50
दोन टेम्पो भरायचेत. पत्र्याखाली ऊन तापलंय. आता त्वचाही रक्त मागते, अंग निववायला. स्नायूही मागतात. घामानं रक्तातलं पाणी कमी होत जातं, परतणारं रक्त घटतं, आणि तेवढ्याच वजनाला ठोके जास्त पडतात. सकाळच्या पोत्याला 148, आत्ताच्या पोत्याला 156. नाना बाटली संपवतात. मग ताक, पंधरा रुपये, मीठ घालून.

दुपारी 4.20
शेवटचं पोतं टाकून टोळीतला नवा पोरगा जागच्या जागी उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. पोटऱ्या थांबल्या, रक्त पायात साचलं, वर जायला कमी पडलं. नानांनी दंडाला धरून त्याला चालवलं. "काम संपलं की एकदम थांबू नको. चार फेऱ्या मार, मग बस." पाचेक मिनिटांत पोरगा सावरला.

संध्याकाळी 5.30
मुकादम वही उघडतो. 320 पोती आणि दोन टेम्पो, भागिले सहा. ट्रकवर कोण होतं, खाली कोण, हे धरत नाहीत, वाटे सारखे. नोंद माथाडी मंडळाकडे जाईल, पैसे बँकेत येतील. नानांचा आजचा खिशातला खर्च: दोन चहा, पुडी, जेवण, ताक. गुडघ्याची पट्टी सैल झालीय, ती या महिन्यात घ्यायची आहे.

वहीत पोती लिहिली जातात. साडेदहाची सावली, जेवणानंतरचा अर्धा तास, त्या पोराला मारायला लावलेल्या चार फेऱ्या यांना रकाना नाही.

रात्री 9.00
मार्केटशेजारच्या वस्तीत नानांचं घर. ते चटईवर पडून पाय भिंतीला लावतात. डाव्या पोटरीवर शिरा वेड्यावाकड्या फुगल्यात. वर्षानुवर्षं वजन घेऊन उभं राहिल्यावर तिथल्या झडपा नीट मिटत नाहीत. पाय वर केले की साचलेलं रक्त आपोआप उतरतं, ठणका कमी होतो.

नाडी 70. साध्या माणसाचं हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं. नानांचं आज त्याहून बरंच जास्त. आरामात असताना हृदय जेवढं रक्त पाठवतं, त्यातला विसावा हिस्साच त्याच्या स्वतःच्या भिंतींना मिळतो, तोही मुख्यतः विसाव्यात. मला वाटतं, पोत्याचा दर ठरवणाऱ्यानं एकदा नानांची नाडी धरावी. पोतं टाकल्यावर, आणि मग सावलीत बसल्यावर. दोन पोत्यांमधला वेळ कामातच मोजायचा असतो, हे त्याला घड्याळावर दिसेल.