हेडफोन घेण्यापूर्वी

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात माझी जी फजिती झाली ती आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली आणि कानांनी ऐकली आहे, तेव्हा ती लपवण्यात अर्थ नाही. लोककलांच्या कार्यक्रमात जात्यावरच्या ओव्या ऐकवायच्या होत्या. त्या मी माझ्या आजीच्या तोंडून मोबाइलवर उतरवून घेतल्या होत्या. आमचे गाव सांगली जिल्ह्यात, विट्याजवळ. कित्येक वर्षे अडगळीत पडलेले जाते आजीने मुद्दाम बाहेर काढायला लावले, धुऊन घेतले आणि पहाटेच गायला बसली. "दिवस वर आल्यावर ओवी सुचत न्हाई," असे तिचे म्हणणे. मागे जात्याची घरघर, मधूनच बांगड्यांची किणकिण आणि वर आजीचा आवाज, हे सगळे साताऱ्याच्या खोलीवर बसून मी आठ रात्री नीटनेटके केले. माझ्या कानाला ते फार सुंदर लागत होते.

सभागृहातल्या मोठ्या स्पीकरवर ते सुरू झाले आणि मला घाम फुटला. जात्याची घरघर कुठे नाहीशी झाली होती कोण जाणे! आजीचा आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा येत होता. प्रत्येक 'स' आणि 'श' शिट्टीसारखा टोचत होता. मागच्या बाकांवर हशा झाला. हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. ती ओवी तशी ऐकली असती तर मीही हसलो असतो.

कार्यक्रम संपल्यावर मराठीच्या सरांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, "हे तू कशावर ऐकून तयार केलंस?" मी खिशातून दीडशे रुपयांचा इअरफोन काढून दाखवला. सर म्हणाले, "मग यात तुझ्या आजीची काही चूक नाही."

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे वर्ष गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यातून कला शाखेचा. त्यामुळे ध्वनिशास्त्राच्या पुस्तकांतले निम्मे मला दोनदा वाचावे लागले. परंतु जे समजले ते आपणां सर्वांच्या उपयोगाचे आहे. आज वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या कानात काही ना काही असतेच, आणि गाणी, भाषणे, शाहिरी स्वतः ध्वनिमुद्रित करणारे मित्रही आता थोडे नाहीत.

प्रथम हेडफोनच्या पोटात काय असते ते पाहू. एक लहान लोहचुंबक, बारीक तारेचे एक वेटोळे आणि त्याला चिकटवलेला पातळ पडदा, एवढाच बहुतेक हेडफोनांचा संसार. तारेतून वीज कमीजास्त वाहते तसे वेटोळे पुढेमागे हलते, पडदा हवा हलवतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. मोठ्या स्पीकरचेही तत्त्व हेच. निरोगी तरुण कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने असलेले आवाज ऐकू येतात. कंपने मोजण्याच्या या मापाला हर्ट्झ म्हणतात. आता गंमत अशी की दुकानातल्या जवळजवळ प्रत्येक खोक्यावर '२० ते २०,००० हर्ट्झ' असेच छापलेले असते. या आकड्यावरून एवढेच कळते की ते सगळे आवाज कमीअधिक निघतात. कोणता आवाज किती जोराने निघतो हे त्यावरून कळत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

बाजारात तराजूला पासंग असला म्हणजे काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. एक पारडे आधीच झुकलेले असते, म्हणून माल कमी भरतो. माझ्या इअरफोनला असाच पासंग होता. गिऱ्हाइकाला दणका आवडतो म्हणून स्वस्त इअरफोन बहुधा खालचे, म्हणजे घुमारेदार आवाज फुगवून देतात. मला जात्याची घरघर फार मोठी वाटली, म्हणून मी ती कमी केली. आजीचे शब्द त्या घुमाऱ्यात बुडालेसे वाटले, म्हणून मी वरचे आवाज वाढवले. माझ्या कानात पारडी समतोल झाली. सभागृहातल्या स्पीकरला तसा पासंग नव्हता, त्यामुळे माझी प्रत्येक दुरुस्ती तिथे उघडी पडली.

यावरून पहिला नियम निघतो. ध्वनिमुद्रण तयार करणाऱ्याचा हेडफोन होता होईल तो बिनपासंगाचा असावा. तो आवाज गोड करून सांगणारा नसावा. नुसते ऐकणाऱ्याला मात्र थोडा पासंग चालतो. ढोलकीचा ठेका थोडा भरून यावा असे कुणाला वाटले तर त्यात गुन्हा नाही. चहात साखर किती घालावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. फक्त चहाची पारख करणाऱ्याने आधीच साखर खाऊन बसू नये.

हा पासंग ओळखायचा कसा? दुकानात तर मोजमापाची यंत्रे नसतात. याचे उत्तर मला मिरजेत मिळाले, आणि ते मी तिथे शोधायलाही गेलो नव्हतो.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, विट्याच्या परिसरात यंत्रमागावर बावीस वर्षे काम करीत आहेत. गेली काही वर्षे ते दूरदर्शन संच मोठ्याने लावतात आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना कानाच्या तपासणीसाठी मिरजेला घेऊन गेलो. तपासणीचा कागद मिळायला तीन तास होते, म्हणून आम्ही सतारमेकरांच्या दुकानांकडे चालत गेलो. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवण्याचे काम दीडशेहून अधिक वर्षे चालत आले आहे. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, जे १९३७ साली वारले, ते याच गावी राहत असत.

एका दुकानात एक वयस्क कारागीर तंबोऱ्याची जवारी लावीत बसले होते. तार ज्या घोडीवरून जाते तिचा पृष्ठभाग ते अगदी हलक्या हाताने घाशीत, तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवीत, आणि छेडून ऐकत. पुन्हा घाशीत, पुन्हा ऐकत. हातात कसलेही यंत्र नव्हते. मी विचारले, "चाचा, लागली हे कसं कळतं?" ते म्हणाले, "तार बोलायला लागली की कळतं."

त्यांच्या परवानगीने मी तो तंबोरा दोन मिनिटे मोबाइलवर उतरवून घेतला. पुढे समजले की हेडफोनची परीक्षा घेण्यासाठी याहून चांगला परीक्षक शोधूनही मिळाला नसता. तंबोऱ्यात एका तारेतून एकच स्वर निघत नाही; मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सहायक नादही त्यातून उमटतात. पुरुषांच्या काळी एकच्या पट्टीत खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. तिचा पाचपट नाद, सुमारे ३४६ हर्ट्झचा, म्हणजेच न छेडता ऐकू येणारा स्वयंभू गंधार. आणि जवारीची जी बारीक झंकार असते ती तर हजारो हर्ट्झपर्यंत चढत जाते. म्हणजे खाली, मध्ये आणि वर अशा तिन्ही मजल्यांची झडती एकाच वाद्यात होते.

परीक्षा अशी घ्यावी. चांगल्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण हळू आवाजात लावावे. खर्ज जर बाकीच्या तारांवर पसरून गुंगाट करू लागला तर समजावे की खालच्या आवाजाला पासंग आहे. खर्जाचा नुसता 'टण' असा टोला येऊन विरत असेल तर खालचे आवाज अपुरे आहेत. गंधार मुळीच सापडत नसेल तर मधला भाग दबलेला आहे. झंकारीऐवजी 'स्स' असा फवारा कानावर येत असेल तर वरचे आवाज फुगवलेले आहेत. यानंतर ओळखीच्या माणसाचे साधे बोलणे ऐकावे. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकतो, त्यात कानाला फसवणे फार कठीण. या दोन परीक्षांत माझा जुना इअरफोन सपशेल नापास झाला.

आता प्रकारांविषयी थोडक्यात. हेडफोनची पाठ बंद असते किंवा उघडी असते. उघड्या पाठीचा नमुना म्हणून सेनहायझर कंपनीचा १९९७ चा एचडी ६०० जगभर ओळखला जातो. त्यातून आवाज मोकळा, अंगणात बसून ऐकल्यासारखा येतो. परंतु तो बाहेरही सांडतो आणि बाहेरचा आत येतो. शांत खोलीत मिश्रण करायला तो उत्तम. माईकसमोर गाताना मात्र तो घालू नये, कारण त्यातून सांडलेला आवाज माईक टिपून घेतो. तिथे बंद पाठीचा हवा. सोनी कंपनीचा एमडीआर-७५०६ हा बंद पाठीचा हेडफोन १९९१ पासून ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत टिकून आहे. वसतिगृहात चौघांत राहणाऱ्यालाही बंद पाठीचाच घेणे शेजारधर्माला धरून होईल.

दुसरे म्हणजे ओहम. हा विजेला होणाऱ्या विरोधाचा आकडा आहे. वर सांगितलेला एचडी ६०० तीनशे ओहमचा आहे. असा हेडफोन थेट मोबाइलला जोडला तर बहुधा आवाज क्षीण येतो; त्याला वेगळा वर्धक लागतो. एमडीआर-७५०६ त्रेसष्ट ओहमचा असल्याने साध्या यंत्रावर चालतो. विद्यार्थ्याने साधारणपणे ३२ ते ८० ओहमच्या दरम्यान पाहावे.

तिसरे, तार की बिनतारी? एस.टी.त ऐकायला बिनतारी सोयीचा. मात्र ब्लूटूथवर आवाज येण्यास साधारण एक-दोन दशांश सेकंदांचा उशीर होतो. गाणे ऐकताना तो जाणवत नाही, पण स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याची लय त्याने हमखास सुटते. ध्वनिमुद्रणाला तारेचाच हेडफोन घ्यावा.

चौथे, गादी. गादी कानाभोवती नीट बसली नाही तर खालचे आवाज फटीतून पळून जातात. चष्म्याची काडी, केस, ओढणी मध्ये आली तरी हे होते. म्हणून दुकानात उभ्या उभ्या एक मिनिट घालून ठरवू नये. पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवावा.

आणि किंमत? २०१७ साली एका अभ्यासकाने २८३ हेडफोनांची मापे घेऊन ती प्रसिद्ध केली. आवाजाचा समतोल आणि किंमत यांचा परस्परसंबंध त्याला आढळला नाही. महाग वस्तू टिकाऊ असू शकते, डोक्याला मऊ लागू शकते, पण ती खरे बोलेलच असे नाही. मी स्वतः सुट्टीत मंडपाच्या कामावर जाऊन अठराशे रुपये जमवले आणि बंद पाठीचा, तारेचा हेडफोन घेतला. त्यालाही थोडा पासंग आहे. पण तो किती आणि कुठे आहे हे आता मला ठाऊक आहे, आणि माहीत असलेला पासंग वजा करता येतो. शिवाय काम झाल्यावर ते एकदा मोबाइलच्या स्पीकरवर आणि एकदा मोठ्या स्पीकरवर ऐकल्याशिवाय मी कुणाला देत नाही. हेडफोनमध्ये डाव्या बाजूचा आवाज फक्त डाव्याच कानाला मिळतो. खोलीत तो दोन्ही कानांना मिळतो. हा फरक कितीही किंमत मोजली तरी बहुतेक हेडफोनांत राहतोच.

आता मिरजेच्या कागदाकडे वळतो. तपासणीच्या आलेखात अण्णांची रेघ खालच्या आवाजांना बरी होती आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती. डॉक्टरांनी सांगितले की सततच्या मोठ्या आवाजाचा घाव आधी बहुधा याच भागावर पडतो. आपल्या प्रत्येक आंतरकर्णात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. 'स', 'श', 'त', 'क' यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या आवाजांवर अवलंबून असते, म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलला ५ तास, ९५ डेसिबलला आठवड्यात अवघा सव्वा तास. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९५च्या घरात सहज जातो, आणि अण्णांची पाळी रोज बारा तासांची. त्यांनी कान पोटासाठी घातले. आपण मात्र हौसेने, पैसे मोजून, तोच माग कानात घालून फिरतो. हेडफोन पूर्ण आवाजावर ठेवला तर ९५ डेसिबल ओलांडणे मुळीच अवघड नाही. म्हणूनच बाहेरचा गोंगाट अडवणारा हेडफोन ही चैन नव्हे. एस.टी.च्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज वाढवावा लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. रस्त्याने चालताना मात्र तो काढून ठेवावा. हॉर्न ऐकू आला पाहिजे.

नवा हेडफोन आल्यावर मी आजीच्या ओव्या पहिल्यापासून पुन्हा केल्या. या वेळी जवळजवळ काहीच केले नाही. घरघर होती तशी ठेवली. गावी गेल्यावर आजीला ऐकवल्या तर ती म्हणाली, "जातं सुदिक आलंय की रं!" मग अण्णांनी हेडफोन मागून घेतला. थोडा वेळ ऐकून त्यांचा हात आवाज वाढवण्याकडे गेला. मी तो धरला. ते काही बोलले नाहीत, डोळे मिटून तसेच ऐकत राहिले. मग म्हणाले, "शब्द लागत न्हाईत. पण जातं आपलंच हाय, आन् आवाज आईचाच हाय."

मित्रहो, दुकानात जाल तेव्हा खोक्यावरचे आकडे जरूर वाचा, भावही करा. पण हळू आवाजात जो सगळे ऐकवतो तोच हेडफोन घ्या. तो बिघडला तर दुसरा आणता येईल.