शनिवारची लांब फेरी



आपल्या मंडळातले आम्ही सात-आठ जण शनिवारी सकाळी सायकली घेऊन कालव्यावर जातो, हे आता बहुतेक सभासदांना ठाऊक झाले आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, दिवाळीच्या फराळाला आम्हाला त्याबद्दल प्रश्न विचारले जातात आणि ते साधारणपणे तेच असतात. इतके तास करता काय? दमत नाही का? गुडघे दुखत नाहीत का? वहिनी मंडळींचा एक प्रश्न वेगळा असतो: "आणि घरचं कोण बघतं?" सर्वांना एकदमच उत्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही रसायनशास्त्रवाले, तेव्हा मध्येच ग्लुकोज आणि सोडियम डोकावतील. तेवढे गोड मानून घ्यावे.

प्रथमच सांगतो, आमच्यात खेळाडू कोणी नाही. दोघे संगणकवाले, एक बँकेतल्या बाई, एक फार्मासिस्ट, एक निवृत्त काका. शाळेत असताना शर्यतीत पहिला नंबर आलेला एकही जण नाही.

कशासाठी?

कारण साधे आहे आणि थोडे काळजीचेही. आपल्या ओळखीतल्या किती घरांत चाळिशी-पन्नाशीत अँजिओप्लास्टी झाली किंवा साखर निघाली, ते ज्याने त्याने मनाशी मोजावे. हे केवळ आपल्या परिचितांचे दुर्दैव नव्हे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१८ साली दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराबद्दल खास निवेदन काढले, कारण या देशातल्या इतर लोकांच्या मानाने आपल्याला हा धोका जास्त आहे. मधुमेहाचेही तसेच. जास्त वजनाच्या माणसाची मधुमेहाची तपासणी करताना इतरांसाठी बीएमआय २५ ही रेघ धरतात. आशियाई वंशाच्या लोकांसाठी अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ पासून ती २३ वर आणली. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाला २३ म्हणजे सुमारे १४७ पौंड. आपल्याकडे ज्याला "अंगाने बरा" म्हणतात, तो बहुधा याच्या पुढेच असतो.

आणि आपला दिवस जातो बसून. गाडीत बसायचे, ऑफिसात बसायचे, संध्याकाळी मुलांच्या क्लासबाहेर पुन्हा गाडीत बसायचे. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. बस एकच, नोकरी एकाच कंपनीची. फरक मुख्यतः जिन्याचा. आपण सगळे ड्रायव्हर झालो आहोत. शनिवारी तरी कंडक्टर व्हावे, एवढाच आमचा हेतू.

कालवा

आमची वाट डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठाची. किंग्स्टनच्या लॉकपाशी गाड्या लावायच्या आणि ग्रिग्सटाऊन, ब्लॅकवेल्स मिल्स, ईस्ट मिलस्टोन असे उत्तरेकडे जायचे. उलट दिशेला गेले तर प्रिन्स्टनपर्यंत एका हाताला कालवा आणि दुसऱ्या हाताला कार्नेगी लेक. मोटारींची वर्दळ नाही, म्हणून नवशिक्यांना आणि मुलांना ही वाट उत्तम.

तिची थोडी माहिती असावी. १८३० मध्ये हा कालवा खणायला सुरुवात झाली आणि १८३४ मध्ये तो खुला झाला. कुदळ-फावड्याने तो खणणारे मजूर बहुतांशी आयर्लंडहून नुकतेच आलेले होते, म्हणजे आपल्यासारखेच परदेशी. १८३२ साली त्यांच्यात कॉलऱ्याची साथ आली आणि अनेक जण कामावरच दगावले. पेन्सिल्व्हेनियाचा कोळसा न्यूयॉर्ककडे नेणाऱ्या नावा खेचरांकडून ओढवीत. आपण ज्या वाटेवर सायकल चालवतो ती त्या खेचरांची वाट. १९३२ च्या अखेरीस वाहतूक बंद पडली, १९७४ मध्ये तिथे स्टेट पार्क झाले. कालव्याचे पाणी आजही मध्य न्यूजर्सीत पिण्यासाठी वापरतात. कदाचित आपल्या घरच्या नळालाही तेच येत असेल.

वाट बारीक दगडी चुऱ्याची आहे, म्हणून टायर जरा रुंद हवेत. ३२ मिलिमीटर किंवा अधिक. पाऊस होऊन गेला की चिखल आणि खळगे असतात. वाट सपाट आहे, पण सपाट म्हणजे सोपी असे समजू नये. इथे उतार नाही, म्हणून पाय थांबवून आयते जाणे नाही. तीन तास म्हणजे अक्षरशः तीन तास पेडल मारावे लागते.

हळू, पण पुष्कळ वेळ

आता मुख्य मुद्दा. नवा माणूस पहिल्या दिवशी हमखास जोरात निघतो. दोन आठवड्यांत गुडघा धरतो आणि सायकल गॅरेजमध्ये परत जाते. आपण मंडळी या देशात घाईनेच आलो आणि घाईनेच राहतो. व्यायामही डेडलाइन असल्यासारखा करतो. लांब फेरीचे गणित मात्र उलटे आहे.

शरीरात इंधनाचे दोन साठे असतात. एक ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. ते साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम, म्हणजे दीड ते दोन हजार कॅलरी. दुसरा साठा चरबीचा. अंगावरची दहा किलो चरबी म्हणजे सत्तर हजार कॅलरींहून जास्त. ग्लायकोजेन ही खिशातली रोकड, चरबी ही बँकेतली मुदत ठेव. जोर लावला की शरीर रोकड उडवते, कारण ती पटकन हाती येते. हळू चालवले की खर्चाचा मोठा वाटा ठेवीतून जातो. आठवड्यामागून आठवडे असे केले की स्नायूंतल्या सूक्ष्म भट्ट्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया वाढतात आणि ठेव मोडणे शरीराला सोपे जाते. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर उचलतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना हा फायदा थोडका नाही.

हळू म्हणजे किती? त्यासाठी घड्याळ-बिड्याळ लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात मराठीत बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटले की वेग जास्त झाला. आमच्या काकांना गप्पांची आवड असल्याने सगळ्या गटाचा वेग आपोआप बरोबर राहतो!

अंतर मैलांत मोजू नये, तासांत मोजावे. पहिल्या शनिवारी एक तास, मग दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटे जास्त, आणि दर चौथ्या आठवड्यात थोडे कमी. तीन महिन्यांत साधा माणूस तीन तासांना पोहोचतो. हौशी सायकलस्वारांची ब्रेव्हे नावाची फेरी असते. तिच्यात दोनशे किलोमीटर, म्हणजे १२४ मैलांसाठी साडेतेरा तास मिळतात. थांबण्याचा वेळ धरून ताशी सव्वानऊ मैल. तिथे पहिला-दुसरा कोणी नसतो. वेळेत पोहोचला तो पास. मोठ्या पल्ल्यांत आपली माणसेही आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या गटात 'रेस अक्रॉस अमेरिका', सुमारे तीन हजार मैल, नऊ दिवसांच्या आत पुरी केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने बारा दिवसांच्या आत केली. तिघेही पेशाने डॉक्टर.

डबा आणि बाटली

गेल्या वर्षी आमच्या एका मित्राची शुक्रवारी संकष्टी होती. रात्री चंद्रोदयानंतर जेमतेम खाणे आणि सकाळी नुसत्या चहावर स्वारी आली. दोन तास छान गेले. मग गृहस्थ गप्प झाले, चिडचिड सुरू झाली, पाय थरथरू लागले. रोकड संपली होती. बाकावर बसवून चिक्की आणि सरबत दिले, तेव्हा वीस मिनिटांनी माणूस पुन्हा माणसात आला.

म्हणून नियम असा: भूक लागण्याआधी खायचे. सव्वा-दीड तासाच्या पुढची फेरी असेल तर तासाला तीस ते साठ ग्रॅम कार्बोहायड्रेट. त्याला पाकीटबंद जेली लागत नाही. मध्यम केळ्यात सुमारे २७ ग्रॅम असते, मोठ्या दोन मेजूल खजुरांत ३५ च्या आसपास. चिक्की, गूळपोळीचा तुकडा उत्तम. निघण्यापूर्वी वाटीभर पोहे. बटाटेवडा मात्र परत आल्यावर. तेल पोटात रेंगाळते.

पिण्याला आपले लिंबाचे सरबत. एक लिटर पाण्यात साठ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धे लिंबू. यामागे शास्त्र आहे. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकाच दारातून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. १९७१ साली बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी बांगलादेशी निर्वासितांना असेच मीठ-साखरेचे पाणी पाजून कॉलऱ्यातून असंख्य जीव वाचवले. कालवा खणणाऱ्या त्या आयरिश मजुरांना ते मिळते, तर त्यांच्यातलेही पुष्कळ घरी परतते. (हे सरबत व्यायामासाठी आहे, जुलाबासाठी दुकानातले ओआरएसच घ्यावे.)

पाण्याचा अतिरेकही नको. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी भरले, आणि त्याचे मोठे कारण धावताना वजन वाढेल इतके पिणे. तहान लागेल तसे प्यावे. रक्तदाब असलेल्यांनी मिठाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

थोडे पळणेही

सायकलवर अंगाचा भार खोगिरावर असतो. हृदयाला ते चांगले, गुडघ्यांनाही सोपे, पण हाडांना त्याचा उपयोग कमी. हाडे टिकतात ती भार पेलून. नुसतीच सायकल चालवणाऱ्या अनेक व्यावसायिक शर्यतपटूंच्या कण्याची हाडे विरळ आढळली आहेत. पन्नाशीकडे झुकणाऱ्या भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. म्हणून आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटे पळणे: एक मिनिट पळायचे, दोन मिनिटे चालायचे. इथे एक धोका आहे. सायकलमुळे दम तयार झालेला असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी तीन मैल सहज जमतील असे वाटते. फुप्फुसे तयार असतात, पण टाचेमागचा स्नायुबंध नसतो. त्याला तयार व्हायला महिने लागतात.

घरचे कोण बघते?

वहिनींचा प्रश्न खरा आहे. इथे शेजारी आजी नाही, कामाला बाई नाही. एकाने पाच तास बाहेर काढले की दुसऱ्याच्या अंगावर मुले, वाणसामान, धुणे आणि भरतनाट्यमचा क्लास असे सगळे पडते. शनिवार हा साऱ्या घराचा सामायिक ऐवज आहे. एकट्याने तो खर्चू नये. आमच्यातल्या एका घरात पहिले दोन महिने यावरून बरीच बोलाचाली झाली आणि सायकल विकण्यापर्यंत गोष्ट आली. मग तोडगा निघाला: एक शनिवार नवऱ्याचा, एक शनिवार बायकोचा. बँकेतल्या त्या बाई ह्याच. आता त्या नवऱ्यापेक्षा अर्धा तास जास्त चालवतात.

बाकीच्यांनीही दोन नियम ठरवले. साडेसहाला चाके फिरली पाहिजेत आणि साडेदहाला माणूस घरी. आणि घरी आल्यावर "फार दमलो" म्हणून सोफ्यावर पडायचे नाही. जो दुपारी झोपतो तो सकाळी जोरात गेला, असे आम्ही धरतो.

यायचे असेल तर

हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर वाटेत एकदम खाली जाऊ शकते. आमचे काका डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्यापूर्वी साखर तपासतात, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवतात आणि कधीही एकटे जात नाहीत. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ आली तर "गॅस असेल" म्हणू नये. थांबावे आणि ९११ फिरवावा.

हेल्मेट सर्वांनी घालावे. सतरा वर्षांखालील मुलांना न्यूजर्सीत तो कायदाच आहे. उजव्या बाजूने चालवावे, पुढच्याला ओलांडताना आवाज द्यावा. घरी आल्यावर पायांवर, गुडघ्यांच्या मागे गोचीड आहे का ते पाहावे, कारण आपल्या भागात लाइमचा आजार आहे. मे-जूनमध्ये कासवे अंडी घालायला वाटेवर येतात, त्यांना वाट द्यावी.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही नव्यांसाठी फक्त एक तासाची फेरी ठेवतो. जुनी, गॅरेजमधली सायकल चालेल. हवा आणि ब्रेक तेवढे तपासून आणावे. केळी आम्ही आणतो. सरबत ज्याने त्याने आपापले आणावे, कारण साखर किती यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.