नाळेतलं रक्त कुणाचं?

बाळ जन्मलं, नाळ कापली, की वारेकडच्या तुकड्यात थोडं रक्त उरतं. नाळेच्या फुगीर शिरेत सुई घातली की ते नळीतून पिशवीत उतरतं, जेमतेम चहाच्या कपाएवढं. पूर्वी वारेबरोबर तेही परसात पुरलं जायचं. या रक्तात मूळपेशी असतात. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, बिंबिका, सगळ्यांची ही आई. साध्या सलाइनसारख्या शिरेतून दिल्या तरी त्या हाडांच्या मगजापर्यंत बरोबर पोचतात आणि काही आठवड्यांत नवं रक्त तयार करू लागतात.

1988 साली पॅरिसमध्ये डॉक्टर एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अॅनिमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या पाच वर्षांच्या अमेरिकी मुलाला असं रक्त दिलं आणि तो बरा झाला. जगातलं हे पहिलं असं प्रत्यारोपण. पण रक्त त्याचं नव्हतं, त्याच्या नवजात बहिणीचं होतं.

मूळपेशी म्हटलं की वाद भ्रूणाभोवती फिरतो. शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये भ्रूणाशिवायच, उंदराच्या साध्या पेशींना भ्रूणातल्या मूळपेशींसारखं रूप दिलं, तेव्हापासून त्याची धार बरीच बोथट झाली. मला जास्त टोचतो तो प्रसूतिगृहाच्या दारातला प्रश्न. ‘बाळाचा विमा’ म्हणून हे रक्त पैसे भरून गोठवून ठेवा, असं गरोदर बाईला सांगितलं जातं. थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक रक्तविकाराचा दोष मात्र जन्मतःच प्रत्येक पेशीत असतो, नाळेतल्याही. तेच रक्त परत दिलं तर आजारही परत येणार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे, की पुढे स्वतःसाठी म्हणून हे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. थोरल्या भावंडाला प्रत्यारोपणानं बरा होणारा आजार असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे जरूर साठवावं.

याच तत्त्वांनुसार रक्ताच्या मूळपेशींचं मान्य प्रत्यारोपण सोडून बाकी सगळे वापर रीतसर चाचणीतच करायचे आहेत. तरी स्वमग्न मुलांचे आईबाप दागिने मोडून मूळपेशींची इंजेक्शनं विकत घेतात. त्यांच्या हतबलतेचा भाव ठरवणं मला चोरीच वाटते.

आणि नाळेतल्या रक्तावर पहिला हक्क बाळाचाच. नाळ कापण्याआधी किमान एक मिनिट थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या मिनिटात नाळ बोटांखाली उडत असते आणि पुढच्या कित्येक महिन्यांचं लोह बाळाच्या अंगात जात असतं.