उबवणीच्या पेटींतील दुर्गंधि

जपानी लावा हा पक्षी १९७४ सालीं कॅलिफोर्नियाहून आपल्या देशांत आला आणि उत्तर प्रदेशांतील इज्जतनगर येथील संशोधकांनीं त्याची पैदास येथें रुजविली. पक्षी लहान, त्याला जागा थोडी पुरते, आणि अंड्यांतून पिलें अवघ्या १७-१८ दिवसांत बाहेर पडतात. त्यामुळें कित्येक हौशी गृहस्थ विजेवर चालणारी छोटी उबवणीची पेटी आणून हा प्रयोग घरींच करूं लागले आहेत. प्रयोग मोठा मनोरंजक खरा. पण दहाबारा दिवस लोटले, म्हणजे पुष्कळ घरांतून एकच तक्रार ऐकूं येते. पेटीला वास येतो!

या तक्रारीचा मला स्वानुभव आहे. पहिल्या खेपेस मीं २४ अंडीं ठेविलीं होतीं. बाराव्या दिवशीं घरांतील मंडळींनीं नाकाला पदर लावला, तेव्हां मीं सारा दोष मोरीवर ढकलला आणि पेटीशेजारीं उदबत्ती लावून मोकळा झालों. पंधराव्या दिवशीं रात्रीं फटाका उडावा तसा आवाज झाला. एक नासलेलें अंडें फुटून त्यांतील घाण शेजारच्या सर्व अंड्यांवर उडाली होती. त्या खेपेस पांचच पिलें हातीं लागलीं. त्यांतलींही दोन बेंबी सुजून दगावलीं.

असें कां व्हावें? उबवणीसाठीं पेटींत सुमारें ३७.५ अंश सेंटिग्रेड उष्णता आणि शेंकडा ५० ते ६० आर्द्रता राखावी लागते. ही ऊबदार, दमट हवा गर्भाप्रमाणेंच जंतूंनाही मानवते. अंड्याच्या कवचाला असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात व त्यांतून गर्भाचा श्वासोच्छ्वास चालतो. अंडें घातल्यावर त्यावर एक पातळ लेप सुकतो, तो या छिद्रांची राखण करितो. हा लेप निघून गेला, किंवा अंडें विष्ठेनें माखलेलें असलें, म्हणजे जंतू आंत शिरतात. अंड्यांतील प्रथिनांत गंधक असतो. तीं कुजूं लागलीं, कीं हायड्रोजन सल्फाइड हा वायु सुटतो. आपल्या ओळखीचा तो वास याचाच. आंतील वायूंचा दाब फार वाढला, म्हणजे अंडें फुटतें.

तेव्हां स्वच्छतेचा आरंभ पेटीच्या आधीं, अंडीं निवडतांनाच होतो. लाव्याची मादी अंडें कोठेंही टाकते, भुशांत काय आणि विष्ठेंत काय. मळकें अंडें थंड पाण्यानें धुवावें असें सुगृहिणीला सहजच वाटतें. परंतु तें करूं नये. थंडीनें आंतील द्रव आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांवाटे आंत ओढली जाते. किंचित् मळ असला तर कोरड्या मऊ फडक्यानें हळूच पुसावा. फार माखलेलें किंवा तडकलेलें अंडें घालूंच नये. दहाबारा ग्रॅमच्या एका अंड्याचा लोभ धरून सारी खेप नासवणें हा कांहीं व्यवहार नव्हे.

कोंबडीचें अंडें दिव्यासमोर धरलें, कीं आंतील गर्भ लवकर दिसतो. लाव्याच्या कवचावर तपकिरी डाग असल्यानें तसें होत नाहीं. म्हणून आठव्या-दहाव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत प्रखर विजेरीवर पाहावें व ज्यांत वाढ नाहीं तीं अंडीं काढून टाकावीं. कवचाला ओल सुटली, करडी छटा आली, अगर अंडें नाकाशीं नेतांच वास आला, तर दुसरा पुरावा मागूं नये. तें न हालवितां पिशवींत घालून बाहेर न्यावें. वास दडपण्यासाठीं पेटीचीं हवेचीं छिद्रें बुजविणारे लोक मीं पाहिले आहेत. त्यांनीं आंतील जीव गुदमरतात.

पाण्याची थाळी वरचेवर धुवून ताजें कोमट पाणी घालावें. चौदाव्या-पंधराव्या दिवशीं अंडीं फिरविणें बंद करितात. त्या वेळीं तळाशीं खरखरीत कापड अंथरावें, म्हणजे पिलांचे पाय घसरत नाहींत आणि पुढची घाण कापडाबरोबर उचलतां येते. पिलें निघतांना थोडा ओशट वास येतोच, त्याची चिंता नको. पिलें सुकेपर्यंत झांकण उघडूं नये.

पिलें काढल्यावर मात्र आळस करूं नये. विजेची जोडणी आधीं काढावी. कवचें व पिसांचा भुरका ओल्या फडक्यानें टिपावा. झाडला तर तो घरभर उडतो. मग थाळ्या साबणानें धुवाव्या आणि नंतरच पातळ केलेलें ब्लीच लावावें, कारण मळावर त्याचा प्रभाव पडत नाहीं. ब्लीचमध्यें व्हिनेगर किंवा अमोनिया कदापि मिसळूं नये, विषारी वायु होतो. पंखा व तापविणारी तार यांना पाणी लावूं नये. मोठ्या केंद्रांत फॉर्मॅलिनची धुरी देतात, तें घरचें काम नव्हे. आणि हें सर्व स्वयंपाकघराच्या ओट्यावर करूं नये. या घाणींत आंतड्यांच्या विकाराचे जंतू असूं शकतात, म्हणून हात साबणानें धुवावे.

थर्मोकोलच्या पेटीच्या फटींत घाण मुरते, तिला जास्त वेळ द्यावा लागतो. कोणतीही पेटी पूर्ण वाळवून, झांकण किंचित् उघडें ठेवूनच माळ्यावर टाकावी. ओलसर बंद केली, तर पुढच्या खेपेस अंडीं ठेवण्याआधींच बुरशीचा वास येतो.