खचलेला कोबा
घराभोवतीचा कोबा खचला की आपण वरून सिमेंटचा हात फिरवतो. पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा खचतो. आमच्या गटातल्या दोघींचे पैसे असेच गेले. दोष कोब्याखालच्या मातीत असतो. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते आणि कोब्याखाली पोकळी राहते. म्हणून आधी मोरीचं आणि पत्र्यावरचं पाणी घरापासून लांब काढा. खचलेला भाग फोडून मऊ माती उपसा. मुरुमाचे चार-चार इंचांचे थर पाणी मारून धुम्मसाने चोपा. वर एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. उतार भिंतीकडून बाहेर, तीन फुटांना पाऊण इंच. सात दिवस ओलं गोणपाट ठेवा. पाणी पायात मुरत राहिलं, तर कोब्यापाठोपाठ भिंतही तडकते.