कुलूप उघड्यावर, किल्ली खिशात

शाळेत असताना 'च'ची भाषा बोलला नाही असा मराठी माणूस विरळा. 'कमळ' म्हणायचे असेल तर 'चमळक' म्हणायचे. पहिले अक्षर शेवटी नेऊन बसवायचे आणि त्याच्या जागी 'च' घालायचा. मोठ्यांना काही कळत नाही या आनंदात आठवडा जातो आणि मग धाकट्या भावाला युक्ती समजते. त्या दिवशी सगळे गुपित संपते. विद्यापीठात संगणक सुरक्षा हा विषय नव्याने घेणाऱ्या मुलामुलींचा पहिला तास इथूनच सुरू करावा, असे मला वाटते.

या भाषेचे सारे गुपित तिच्या रीतीत आहे. रीत फुटली की हाती काही उरत नाही. पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या ऑगस्त केर्कहॉफ्स या मूळच्या डच पंडिताने १८८३ साली एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात लिहिले, की गूढलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. किल्ली म्हणजे एखादा शब्द किंवा संख्या. पद्धत बदलायची तर साऱ्या फौजेला नव्याने शिकवावे लागते. किल्ली रोज बदलता येते. आज जगभर वापरली जाणारी 'एईएस' ही पद्धत पाठ्यपुस्तकांत छापलेली आहे. २००१ साली अमेरिकेने ती मानक म्हणून स्वीकारली, त्याआधी निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी ती मोडता येते का, हे उघडपणे तपासून पाहिले होते. तेव्हा 'आमची पद्धत गुप्त आहे, म्हणून ती सुरक्षित आहे' असे कोणी सांगू लागला, तर जरा सावध व्हावे.

बरे, किल्ली गुप्त ठेवायची हे ठरले. पण ती दुसऱ्यापर्यंत पोचवायची कशी? पत्राने पाठवावी तर वाटेत कोणी पाहील. पूर्वी राजदूत आणि सैन्याधिकारी ती जातीने नेऊन देत. पण ज्या दुकानदाराचे आपण कधी तोंडही पाहिलेले नाही, त्याच्याशी व्यवहार करताना काय करायचे? १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी यावर तोड सुचवली. समजा, मी दाबले की बंद होणारी पुष्कळ कुलुपे तयार केली आणि ती उघड्या स्थितीत गावभर वाटली. कोणीही पेटीत चिठ्ठी घालावी, माझे कुलूप दाबावे आणि पेटी माझ्याकडे धाडावी. लावणाऱ्यालासुद्धा ते पुन्हा उघडता येणार नाही, कारण किल्ली एकट्या माझ्या खिशात. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी असे कुलूप आकड्यांतून प्रत्यक्ष घडवले.

त्यातली मेख शाळेच्या गणितातली आहे. ८९ गुणिले ९७ किती, हे कागदावर मिनिटात निघते: ८६३३. पण नुसते ८६३३ देऊन 'हा कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार?' असे विचारले तर बराच वेळ भागत बसावे लागते. संख्या शेकडो अंकी झाल्या की संगणकही हात टेकतो. या तिघांनी १९७७ साली १२९ अंकी एक संख्या आव्हान म्हणून दिली होती. शंभर डॉलरचे बक्षीसही होते. ती फुटली १९९४ मध्ये, सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक कामाला लावल्यावर. हल्ली सहाशेहून अधिक अंकी संख्या वापरतात.

अशा कुलुपाला मोठमोठ्या मूळसंख्या लागतात. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीने आणि झटपट ओळखण्याची रीत २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली. यांतले कयाल आणि सक्सेना नुकतेच बी.टेक. झाले होते! या शोधाने कुलूप मात्र फुटत नाही; संख्या मूळ नाही एवढे कळते, तिचे अवयव कळत नाहीत.

एवढे भक्कम कुलूप असताना चोऱ्या होतात कशा? किल्लीपाशी. परवलीचा शब्द जसाच्या तसा साठवायचा नसतो. त्यावर प्रक्रिया करून एक ठसा काढायचा आणि तो ठेवायचा. ठशावरून शब्द मागे काढता येऊ नये अशी ती प्रक्रिया असते. २००९ मध्ये अमेरिकेतील 'रॉकयू' या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, ते सगळे उघड्या अक्षरांत लिहिलेले. त्यांत सर्वांत लोकप्रिय होता '१२३४५६'. आपल्याकडे फोनवरून गोड बोलून ओटीपी विचारणारा भामटा तर गणिताच्या वाटेलाच जात नाही. तो किल्ली मागतो आणि माणसे देतात.

राहिला खासगीपणा. 'माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही' असे म्हणणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. पण पाकीट चिकटवलेले असले तरी त्यावरचा पत्ता पोस्टमनला दिसतोच. संगणकाच्या जगातही मजकूर कुलपात असतो. पण कोणी, कोणाला, किती वाजता आणि किती वेळा निरोप धाडला, हे बहुधा मधल्या सेवादात्याला दिसते. एखाद्या मुलीने मध्यरात्री मानसोपचाराच्या मदत क्रमांकावर तीनदा फोन केला, एवढे कळल्यावर ती काय बोलली हे ऐकायची गरज उरते का? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. तो खटला लढवणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. दाद मागायला न्यायालयात गेले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.