कोंबडं झाकलं तरी आरवतं

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण सगळेच वापरतो. तांबडं फुटतं हे खरं. पण त्या झाकलेल्या कोंबड्याचं पुढे काय होतं, ते म्हण सांगत नाही. तो आरवतो. डालग्याखाली, काळोखात, सूर्याचा किरण दिसत नसतानाही आपल्या वेळेला आरवतो.

उजेड दिसला की कोंबडा बांग देतो, असं आपण धरून चालतो. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी हे तपासून पाहिलं. त्यांनी कोंबडे अशा खोल्यांत ठेवले, जिथे दिवस कधी उगवणार हे माणसाच्या हातात होतं. 12 तास उजेड आणि 12 तास अंधूक प्रकाश अशी पाळी ठेवली, तेव्हा दिवे लागण्याच्या जवळपास दोन तास आधीच कोंबडे आरवू लागत. मग त्यांनी ती पाळीच मोडली आणि रात्रंदिवस एकसारखा मंद प्रकाश ठेवला. तरी कित्येक दिवस बांग आपल्या वेळेला होतच राहिली. घड्याळ बाहेर आकाशात नाही, कोंबड्याच्या शरीरात आहे, हे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवलं. गाडीच्या दिव्याने किंवा शेजारच्या कोंबड्याच्या आवाजानेही तो आरवतो. पण या गोष्टींचाही त्याच्यावर जास्त परिणाम होतो तो पहाटेच्याच सुमाराला.

याच गटाने 2015 मध्ये आणखी एक गंमत समोर आणली. एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत पहिली बांग देण्याचा मान सगळ्यात वरचढ कोंबड्याचा असतो. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा, अशी मानाप्रमाणे पाळी लागते. शरीरातलं घड्याळ खालच्या मानाच्या कोंबड्याकडेही असतंच, पण तो थोरल्याचं आरवणं होईपर्यंत थांबतो. थोरल्याला तिथून काढलं, की दुसऱ्या क्रमांकाचा कोंबडा पहिली बांग देतो. पंगतीत थोरल्यांचं जेवण झाल्याशिवाय कोणी उठत नाही, तसंच हे.

<b>‘कोंबड्यांचा नुसता कलकलाट असतो’</b>

हा गैरसमज मला जास्त खटकतो, कारण ज्यांनी कोंबड्या पाळल्या त्यांना तो कधीच नव्हता. माझी आजी चुलीपुढे बसलेली असायची आणि परसातून आवाज यायचा. आवाज बारीक, लांब, शिट्टीसारखा असला की ती बाहेर येऊन आधी वर बघायची, कारण घार आलेली असायची. आवाज मोठा, तुटक, ‘कट-कट-कटाक्’ असा असला की कोपऱ्यातली काठी घेऊन थेट कुंपणाकडे जायची, कारण मुंगूस किंवा मांजर शिरलेलं असायचं. आकाशाकडे बघायचं की कुंपणाकडे, हे तिला कोंबड्याने सांगितलेलं असायचं.

पीटर मार्लर आणि ख्रिस इव्हान्स या शास्त्रज्ञांनी हेच प्रयोगशाळेत सिद्ध केलं. कोंबड्याच्या दोन्ही इशाऱ्यांचं ध्वनिमुद्रण त्यांनी कोंबड्यांना ऐकवलं. समोर ना घार, ना मांजर, फक्त आवाज. बारीक शिट्टी ऐकताच कोंबड्या दबून बसल्या आणि वर पाहू लागल्या. तुटक कटकट ऐकली तेव्हा मान ताठ करून आजूबाजूला पाहू लागल्या. म्हणजे तो आवाज केवळ घाबरल्याचा नव्हता. काय आलं आहे, तेही त्यात होतं. शिवाय जवळ कोंबडी नसेल तर कोंबडा घार दिसूनही कमी ओरडतो. ऐकणारं कोणी आहे की नाही, याचं भान त्याला असतं.

निकोलस आणि एल्सी कोलियास या दांपत्याने लाल रानकोंबड्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हा लाल रानकोंबडा म्हणजे आपल्या पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष. त्याच्या भाषेत त्यांना दोन डझनांच्या आसपास वेगवेगळे आवाज सापडले: दाणे मिळाल्याचा, पिल्लांना जवळ बोलावण्याचा, धोक्याचा, रागाचा. परसातली कोंबडी आजही ही जंगलातलीच भाषा बोलते. जाता जाता एक सांगतो. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा हाही या घराण्याचा नातेवाईक आहे. पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलं, असं 2008 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. कोंबडीचे पिवळे पाय दिसले की मला आमच्या घाटातलं रान आठवतं.

कोंबड्यांच्या या भाषेत लबाडीही आहे. किडा किंवा दाणा सापडला की कोंबडा ‘कुक्-कुक्-कुक्’ करतो, मान खालीवर करतो, दाणा उचलतो, टाकतो आणि कोंबड्यांना बोलावतो. स्वतः न खाता देतो म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. पण कोंबडी लांब असली, म्हणजे सापडलेली वस्तू तिला दिसायची शक्यता नसली, की कधी कधी तो नुसत्या काडीकचऱ्यावरही हीच हाक मारतो. कोंबड्याही काही कमी नाहीत. वारंवार फसवणाऱ्याच्या हाकेला त्या पुढे किंमत देत नाहीत. आणि खालच्या मानाचा कोंबडा? थोरला जवळ असताना तो तोंडातून आवाज काढत नाही. नुसती मान हलवून मुकाट्याने कोंबडीला बोलावतो, कारण आवाज झाला तर थोरला अंगावर येईल. हे वाचल्यापासून मी परसात तासभर बसलो तरी मला कंटाळा येत नाही.

<b>‘अंडं घातल्याची दवंडी’</b>

अंडं घातलं की कोंबडी मोठमोठ्याने ओरडते, ती आनंदाने, असं म्हणतात. तसं असतं तर घरट्याचा पत्ता साऱ्या गावाला सांगितल्यासारखं झालं असतं. ती ओरडते ती बहुधा घरट्यापासून दूर गेल्यावर. कळपाला आपला ठावठिकाणा कळावा आणि शिकाऱ्याचं लक्ष अंड्यावरून हटावं, ही कारणं अभ्यासक देतात.

<b>‘खुडूक कोंबडी बिघडलेली असते’</b>

खुडूक कोंबडी अंडी देत नाही, जागची हलत नाही, हात लावला तर फुगून टोचते. मग तिला पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात. असं करू नका. ती आजारी नाही आणि आळशीही नाही. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की तिला उबवायला बसायची ओढ लागते आणि अंडी थांबतात. खाण्यापिण्यासाठी थोडा वेळ उठायचं, की पुन्हा बैठक. असे 21 दिवस. शेवटच्या एक-दोन दिवसांत पिल्लं कवचाच्या आतूनच चिवचिवू लागतात आणि आई हलक्या आवाजात ‘खुक्-खुक्’ करून त्यांना उत्तर देते. अशा कोंबडीशेजारी कान देऊन बसा. पोटाखालून येणारा तो बारीक आवाज आणि तिचं ते थांबून थांबून बोलणं एकदा ऐकलं, की तिच्या नाकात पीस घालायचा धीर होणार नाही. पिल्लं नको असतील तर खालची अंडी रोज काढा आणि काही दिवस तिला घरट्यापासून लांब, हवेशीर जागी ठेवा. ती आपोआप ठिकाणावर येते.

<b>‘कोंबडीला अक्कल ती किती’</b>

इटलीत रोझा रुगानी, लुसिया रेगोलिन आणि जॉर्जो वालोर्तिगारा यांनी काही दिवसांच्या पिल्लांसमोर पाच गोळ्या दोन पडद्यांमागे वाटून लपवल्या. एकीकडे तीन, दुसरीकडे दोन. पिल्लं जास्त गोळ्यांकडे गेली. मग पिल्लांच्या देखत काही गोळ्या या पडद्यामागून त्या पडद्यामागे नेल्या, तरीही शेवटी जास्त गोळ्या कुठे उरल्या ते त्यांनी बरोबर ओळखलं. 2009 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही बेरीज-वजाबाकी त्यांना कोणी शिकवलेली नव्हती.

कळपातली उतरंडही याच अकलेवर चालते. कोणी कोणाला टोचायचं आणि कोणी मुकाट सोसायचं, याचा ठरलेला क्रम कोंबड्यांत असतो, हे नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डेरुप-एबे याने प्रथम मांडलं. लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या या माणसाचा निबंध 1922 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक कोंबडी दुसरीला चेहऱ्यामोहऱ्याने, तुऱ्याने ओळखते, म्हणून तर हा क्रम टिकतो आणि रोजची मारामारी टळते. आमच्याकडे मानेवर पिसं नसलेली एक कोंबडी होती. अंगाने सगळ्यांत लहान, पण दाणे टाकले की बाकीच्या बाजूला व्हायच्या. नवी कोंबडी आणली की आठवडाभर भांडणं होतात ती याच क्रमासाठी. म्हणून एकटी आणू नका, दोन-तीन एकदम आणा, म्हणजे मार एकीवरच पडत नाही.

<b>‘कोंबडी आरवली, घरावर संकट’</b>

या गैरसमजापायी कोंबडीचा जीव जातो, म्हणून तो इतरांपेक्षा गंभीर. कोंबडीच्या शरीरात सहसा डावंच बीजांड काम करतं. आजाराने ते निकामी झालं, तर उजव्या बाजूचा अर्धवट अवयव वाढू लागतो आणि नराची संप्रेरकं तयार होतात. तुरा मोठा होतो, कोंबडी आरवू लागते. कधी कोंबडाच नसलेल्या कळपात सगळ्यांत वरचढ कोंबडीही आरवते. घरातल्या कोणाच्या आयुष्याशी याचा काडीचाही संबंध नाही. फार तर ती अंडी देणार नाही. तिची मान मुरगळू नका.

इतर पक्ष्यांच्या बोलण्याचेही आपण असेच मनाला येतील ते अर्थ लावले आहेत. चैत्र-वैशाखात ‘कुहू’ करणाऱ्या पक्ष्याला आपण कोकिळा म्हणतो, पण गातो तो काळा नर. मादी तपकिरी, ठिपकेदार असते आणि तिचा आवाज नुसता ‘किक्-किक्’. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून पावसाची वर्दी देत नाही. त्याचा विणीचा हंगाम उन्हाळ्यात सुरू होतो, म्हणून तो तेव्हा साद घालतो. सातभाई नेहमी सात नसतात आणि सगळे भाऊही नसतात. थवा कमी-जास्त पक्ष्यांचा असतो आणि त्यात माद्याही असतात.

आणि टिटवी. ती ओरडली की कोणीतरी जाणार, असं म्हणून आपण तिला दगड मारतो. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये, बहुधा चार अंडी घालते. मातीच्या रंगाची, काळपट ठिपक्यांची, समोर असूनही न दिसणारी. कोणी जवळ आलं की ती डोक्यावर घिरट्या घालत आकांत करते. शेतातून किंवा माळावरून जाताना ती तुमच्यावर ओरडली, तर दगड शोधू नका. जागीच थांबा, पायाखाली नीट बघा आणि आल्या वाटेने मागे फिरा.